रिकाम्या कंसातली दुपार

सुलक्षणा मगदूमने ती तीन टिंबं टाईप केली, तेव्हा तिला फक्त आपला त्रास कमी करायचा होता.

पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत ती प्रोग्रॅमर होती. कंपनी एकच गोष्ट बनवायची: स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांनी डोक्यावर घालायची एक पातळ टोपी. तिचं नाव स्मरणी. आठवड्यातले दोन दिवस सुलक्षणा पुण्याला जायची, बाकीचे दिवस मिरजेच्या घरून काम करायची. कारण तिचे वडील आण्णा, म्हणजे डॉक्टर भूपाल मगदूम, आता स्मरणीचेच एक रुग्ण होते. सगळी हयात त्यांनी गुरांचा डॉक्टर म्हणून शिराळ्यापासून जतपर्यंतची खेडी पालथी घातली होती. आता त्यांना स्वैपाकघर कुठल्या हाताला आहे तेही आठवत नसे.

स्मरणीमागचं शास्त्र समजायला फार अवघड नाही. आठवण मेंदूत एका डबीत ठेवलेली नसते. चेहरा एका भागात असतो, आवाज दुसऱ्या, त्या दिवशी फोडणीचा आलेला वास तिसऱ्याच. मेंदूच्या तळाशी, कानांच्या पातळीवर आत, समुद्रघोड्याच्या आकाराचा एक भाग असतो. या विखुरलेल्या धाग्यांची गाठ मारणं हे त्याचं काम. आजारात आधी सैल होतात त्या गाठी. धागे पुष्कळ दिवस शाबूत असतात. स्मरणीला काही खुणा द्यायच्या, म्हणजे एखादा फोटो, एखादा आवाज, एखादा वास. त्या खुणांनी मेंदूत कुठं कुठं हालचाल होते ते टोपी बघते, त्या सगळ्यांना सामाईक असलेली गाठ हुडकते आणि तिथं अगदी मंद असा विजेचा स्पंद देते. गाठ घटकाभर आवळली जाते. माणूस म्हणतो, "अगं, तू होय!"

हे सगळं हुडकण्याचं काम प्रोग्रॅममध्ये 'आठव' नावाची मेथड करायची. मेथड म्हणजे यंत्राला नेमून दिलेलं एक काम. त्याला लागणारं साहित्य कंसात द्यायचं. सुरुवातीला कंसात दोनच जागा होत्या, एक चेहऱ्याची आणि एक आवाजाची. रुग्णांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी वासाची मागणी केली, तेव्हा सुलक्षणाने त्याच नावाची तीन जागांची दुसरी मेथड लिहिली. मग चारची. मग कुणाला आईचा आवाज, गोधडीचा स्पर्श, देवळातली घंटा आणि दोन फोटो असं सगळं एकदम हवं झालं. एकाच नावाच्या मेथडींची रांग लागली आणि एकीत दुरुस्ती केली की सगळ्यांत करावी लागायची.

तेव्हा तिने ती रांग पुसली आणि एकच मेथड लिहिली. चेहरा, आवाज, वास ही सगळी 'खूण' या एकाच क्लासची, म्हणजे एकाच कुळाची, लेकरं होती. म्हणून कंसात नुसतं 'खूण' लिहिलं आणि पुढं तीन टिंबं दिली. त्या भाषेत तीन टिंबांचा अर्थ असा, की येतील तेवढे येऊ देत. पंगतीला माणसं मोजून बोलवायची नाहीत, येतील तसं वाढायचं. जितक्या खुणा येतील तितक्या भाषा स्वतःच एका टोपलीत भरते आणि टोपली मेथडच्या हाती देते.

सुलक्षणाने एक खूण देऊन पाहिली, दोन दिल्या, पाच दिल्या, डझनभर दिल्या. सगळं ठाकठीक चाललं. एकही खूण न देता पाहायचं तिच्या मनातच आलं नाही. रिकाम्या हाताने कोण कशाला कुणाची आठवण काढेल?

नवी मेथड घरोघरच्या टोप्यांमध्ये गेली आणि फरक लगेच दिसला. खुणा जास्त म्हणून आठवणी भरघोस. त्या उन्हाळ्यात आण्णांनी त्रिशलाबाईंना, म्हणजे सुलक्षणाच्या आईला, लग्नातल्या साडीचा रंग सांगितला. लेकीला तिच्या शाळेतल्या मैत्रिणीबद्दल विचारलं. त्रिशलाबाई रोज दुपारी चहाआधी टोपी लावून द्यायच्या. वेलदोड्याची डबी उघडायची, फोटो ठेवायचा, स्वतःचा जुना आवाज लावायचा आणि मग पडद्यावरच्या 'आठव'वर बोट ठेवायचं. पूजेसारखा त्यांचा तो नेम झाला होता.

एका दुपारी त्यांनी टोपी लावली आणि गॅसवर दूध उतू गेलं. त्या धावल्या. परत आल्या त्या लगबगीत फोटो, डबी, आवाज काहीच दिलं नाही. थेट 'आठव'वर बोट ठेवलं.

सुलक्षणा पलीकडच्या खोलीत काम करत होती. आईची हाक ऐकून ती बाहेर आली. आण्णा खुर्चीत मागं रेलले होते. इतका सैल पडलेला त्यांचा चेहरा तिने कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

"काय दिसतंय हो?" त्रिशलाबाईंनी विचारलं.

"वारणा," आण्णा म्हणाले. बोलणं स्वच्छ होतं, कुठं अडखळणं नाही. "म्हैस अडली होती त्या वस्तीवर. सुटली. रेडकू चांगलं निघालं. हात धुतले. पाणी गार आहे. करंजाखाली बसलोय."

"बरोबर कोण आहे?"

"कुणी नाही."

"शिपाई असेल की. तुमच्याबरोबर असायचाच."

"कुणी नाही गं. भाकरी आहे, शेंगदाण्याची चटणी आहे. खंड्या पाण्यावर थांबलाय, एका जागी. पंख हलतायत नुसते." आणि मग खूप वेळाने, "काही नाही. कुणी बोलवत नाहीये."

सुलक्षणाने रात्रीपर्यंत वाट पाहिली नाही. लगेच कोड उघडून बसली. चूक शोधायला गेली आणि चूक सापडली नाही. भाषेच्या नियमाप्रमाणे सगळं बरोबर होतं. येतील तेवढे येऊ देत याचा एक अर्थ कुणीही नाही आलं तरी चालेल, असाही होतो. टोपली रिकामी असते, पण टोपली हाती येते. आणि मेथडचं काम गाळण्याचं होतं. आधी सगळ्या गाठी घ्यायच्या, पहिल्या खुणेशी ज्यांचा संबंध नाही त्या गाळायच्या, मग दुसऱ्या खुणेशी नाही त्या. उरलेल्यांतली सगळ्यांत घट्ट गाठ निवडायची. खूणच नसेल तर काहीच गाळलं जात नाही. अख्ख्या आयुष्याच्या गाठी समोर राहतात आणि यंत्र त्यांतली सगळ्यांत घट्ट निवडतं.

आई दारात उभी होती. सुलक्षणाने तिला जेवढं साधं करून सांगता येईल तेवढं सांगितलं.

"म्हणजे सगळ्यांत घट्ट," त्रिशलाबाई म्हणाल्या.

"हो. पण आई, घट्ट म्हणजे लाडकी असंच नाही काही—"

"तू पोटात होतीस तेव्हा. वारणेकडं बदली तेव्हाच होती. दुसरी कुणी बाई असती तर मी समजले असते गं. भांडले तरी असते. तिथं कुणीच नाही. माझ्याशी एवढी वर्षं संसार केला, आणि आत जाऊन बघावं तर माणूस एकटा भाकरी खात बसलाय."

प्रश्न मेथडचा असता तर सुलक्षणाला उत्तर सुचलं असतं.

असा प्रकार फक्त मिरजेत झाला नव्हता. महिन्याभरात कंपनीकडं फोन येऊ लागले. साताऱ्याच्या एका बाईंच्या नवऱ्याने रिकाम्या, बिनखुणेच्या हाकेला थोरल्या भावाचं नाव घेतलं होतं. तो भाऊ विहिरीत बुडून गेल्याला साठ वर्षं झाली होती. बाईंनी नवऱ्याच्या खोलीत जाणं सोडलं. नागपुरात एका धाकट्या मुलाचं नाव निघालं, तेव्हा त्याने पेढे वाटले आणि थोरल्याने बोलणं टाकलं. लोक मुद्दाम खुणा न देता बटण दाबू लागले. 'माझं नाव येतं का' हे ज्याला त्याला पाहायचं होतं.

"लोकांना हेच हवंय," निरंजन कोठावळे व्हिडिओ कॉलवर म्हणाला. तो कंपनीचा व्यवस्थापक होता, माणूस वाईट नव्हता, पण उत्साही होता. "आपण याला 'मूळ आठवण' म्हणू. सुलक्षणा, तू चुकून सोनं उकरलंस!"

"हे वापरू नये असं मला वाटतंय, निरंजन."

"का? पेशंट शांत होतात. तुझे वडीलसुद्धा झाले की."

ते खरं होतं आणि तिला भीती त्याचीच होती. आण्णा आता टोपी स्वतः मागू लागले होते. फोटो दाखवला की तोंड फिरवायचे. "ते नको. नदी दे," म्हणायचे. नदी मिळाली की तासभर निवांत. पण बाकीच्या आठवणींची आवराआवर झपाट्याने चालली होती. साडीचा रंग गेला, शाळेची मैत्रीण गेली. एका सकाळी त्यांनी सुलक्षणाला अदबीने विचारलं, "तुमचं जनावर कुठं बांधलंय?"

कारण तिने वाचून शोधलं. आठवण काढली की ती आहे तशी परत ठेवली जात नाही. गूळ तापवला की पातळ होतो आणि थंड होताना पुन्हा आवळतो, आठवणीचंही तसंच. दर वेळी वर काढलेली गाठ मऊ होते आणि पुन्हा बसताना आधीपेक्षा घट्ट बसते. वारणेकाठची ती दुपार रोज घट्ट होत होती, आणि जितकी घट्ट होई तितकी पुढल्या वेळी तीच निवडली जाई. शेजारच्या गाठींना हाकच जात नव्हती. वापरात नसलेल्या पायवाटेवर गवत माजतं तसं त्यांचं चाललं होतं.

तिने मेथडच्या तोंडाशी एक शब्द वाढवला. आधी एक खूण, सक्तीची. मग टिंबं, बाकीच्या येतील तेवढ्या. या भाषेत येतील तेवढ्यांची जागा नेहमी शेवटी असते आणि त्यांच्याआधी कुणाला मानाने बसवायचं असेल तर बसवता येतं. आता खूण न देता हाक मारलीच जात नव्हती. कंपनीसाठी ही दुरुस्ती निरंजनने अडवून धरली. वडिलांच्या टोपीत तिने ती स्वतःच घातली.

पहिले चार दिवस आण्णांनी नीट जेवण केलं नाही. टोपी लावली की आशेने डोळे मिटायचे, पत्नीचा आवाज ऐकू आला की उघडायचे आणि खोलीत काहीतरी हरवल्यासारखं बघायचे. चौथ्या दिवशी ते उठून दाराशी गेले आणि कडी हलवत राहिले.

"कुठं जायचंय?" त्रिशलाबाईंनी विचारलं.

"जायचंय," ते म्हणाले. कुठं ते त्यांना सांगता येईना.

संध्याकाळी त्रिशलाबाई लेकीच्या खोलीत आल्या. "काढ ते."

"आई, मी ते तुझ्यासाठी घातलंय. आपल्यासाठी. नाहीतर ते आपल्याला पार विसरतील."

"तुझ्या दुरुस्तीने ते माझे झाले नाहीत, सुलू. नुसते बेघर झाले. काढ."

"रोज तिथं गेले तर काय होतं ते तुला सांगितलं ना मी?" आणि तिने गुळाची गोष्ट पुन्हा सांगितली: मऊ होणं, आवळणं. त्या भरात हेही सांगून गेली, की आठवण मऊ असताना आजूबाजूचं काहीबाही तिच्यात चिकटतं. बाहेर कुत्रं भुंकलं तर पुढल्या वेळी आठवणीतही कुत्रं भुंकू शकतं. म्हणून कंपनी म्हणते, त्या वेळी खोलीत गडबड नको.

त्रिशलाबाईंनी ते नीट ऐकून घेतलं. "असं होय," एवढंच म्हणाल्या.

सुलक्षणाने सक्तीची खूण काढली नाही. दुसरा मार्ग काढला. एका मेथडच्या दोन केल्या. एक खुणांची, तिला किमान एक तरी हवीच. दुसरी वेगळ्या नावाची, कंस मुळातच रिकामा. ती चुकून लागणार नाही, रुग्णाने स्वतःच्या तोंडाने मागितली तरच लागेल आणि आठवड्यातून एकदाच. मुलगा मागतो, बायको मागते म्हणून नाही. पुण्याला जाऊन तिने हे निरंजनसमोर मांडलं.

"घरच्यांनी मागायचं नाही? पैसे तर घरचेच देतात," तो म्हणाला.

"डोकं त्यांचं नाही."

मग त्याने विचारलं, "तुझ्या वडिलांच्या आठवणीत तुझं नाव आलं नाही, म्हणून तर नाही ना हे?"

"थोडंसं तेही असेल," सुलक्षणा म्हणाली. "म्हणूनच घरच्यांच्या हातात नको."

निरंजनने मग दुरुस्ती अडवली नाही; ती सगळ्या टोप्यांत गेली. तक्रारी आल्या, काहींनी टोप्या परत केल्या, 'मूळ आठवण'ची जाहिरात निघाली नाही. साताऱ्याच्या बाई नवऱ्याच्या खोलीत परत गेल्या की नाही, ते कंपनीला कळायचा काही मार्ग नव्हता.

मिरजेत आण्णा आठवड्यातून एकदा नदीवर जाऊ लागले. इतर दिवशी फोटो, वेलदोडा, आवाज. त्यांचं विसरणं थांबलं नाही, पण चाल मंदावली. ते पुन्हा जेवू लागले. सुलक्षणाला वाटलं, आपण जमवलं. कंसात काय येतं ते तिला अडवता येत होतं. खुर्चीशेजारी कोण बसतं आणि काय बोलतं, ते तिच्या हातात नव्हतं.

पावसाळा सरल्यावरची गोष्ट. त्या दिवशी आण्णांनी नदी मागितली होती. सुलक्षणा हातातलं काम टाकून त्यांच्याजवळ येऊन बसली. त्रिशलाबाई पलीकडं शेंगा सोलत होत्या. टोपी उतरवल्यावरही आण्णा काही वेळ तिथंच असल्यासारखे होते.

"काय पाहिलंत, आण्णा?"

"करंजाखाली बसलो होतो. पाणी गार." ते हसले. "भाकरी अर्धी अर्धी केली. हिला चटणी तिखट लागली."

"कुणाला?"

"हिला." त्यांनी त्रिशलाबाईंकडं बोट केलं. "ही असते की तिथं. हिरव्या लुगड्यात."

शेंगा सोलणारे हात थांबले. सुलक्षणाने आईकडं पाहिलं आणि तिला सगळं कळलं. कित्येक आठवडे, आठवण मऊ असताना, आई त्या खुर्चीला खेटून बसली होती आणि हलक्या आवाजात सांगत होती, मीही आहे हं इथं, मला अर्धी द्या. कुणाला त्रास न देता, कुणाला न विचारता ती वारणेकाठच्या त्या दुपारीत जाऊन बसली होती. यंत्राच्या दृष्टीने आता ती तिथं होतीच. पुढल्या वेळी आणखी ठळक असेल. हे खोटं आहे हे आता आई आणि ती, दोघींनाच ठाऊक होतं, आणि आईला तर हेच हवं होतं.

सुलक्षणा काही बोलणार नव्हती. तिने ठरवलंच तसं. आईच्या वाट्याला एवढं यायला काय हरकत आहे?

त्रिशलाबाईंनी मांडीवरची टरफलं सुपात झटकली, उठल्या आणि नवऱ्याच्या समोर येऊन बसल्या.

"मी नव्हते हो तिथं," त्या म्हणाल्या.

आण्णा गोंधळले. "होतीस की. चटणी—"

"नाही. ते मी सांगितलं तुम्हाला, म्हणून वाटतंय. मला फार यावंसं वाटलं म्हणून सांगितलं. पण तुम्ही एकटेच होतात. म्हैस सोडवून आला होतात, दमला होतात आणि कुणी बोलवत नव्हतं. तुमची दुपार आहे ती. माझी नाही."

आण्णांनी बराच वेळ तिच्याकडं पाहिलं. ती कोण आहे ते त्यांना नक्की कळत होतं की नाही, हे सुलक्षणाला सांगता आलं नसतं. त्यांच्या कपाळावर आठी पडली, जुन्या काळी एखाद्या मुक्या जनावराचं दुखणं हुडकताना पडायची तशी.

"मग तू कुठं होतीस?" त्यांनी विचारलं.

"मी घरी होते. तुमची वाट बघत होते."

हे त्यांनी मनात कुठंतरी लावून पाहिलं. मग त्यांचा आवाज एकदम हळू झाला.

"फार उशीर झाला का मला?"

"नाही," त्रिशलाबाई म्हणाल्या. "जेवायच्या वेळेला आलात."